वरवंडचा थांबा आणि मोटारीचा ताप

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला प्रवासी हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत ही गावे मागे टाकतो आणि केडगाव चौफुला ओलांडून वरवंडला येतो. पुण्यापासून हे अंतर साठ किलोमीटरच्या आसपास आहे. रस्ता आता चौपदरी झाला आहे. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ होता, आज त्याचा क्रमांक ६५ आहे आणि तो सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करीत थेट मछलीपट्टणला समुद्र गाठतो. गाड्या सुसाट धावतात, त्यामुळे वरवंडला मुद्दाम थांबणारे थोडे. आपल्यापैकी अनेकांच्या मनात या गावाची नोंद पाटसचा टोलनाका येण्याआधीचे गाव एवढीच असते.

आषाढी वारीच्या वेळी मात्र या गावाचे रूप पालटते. तुकोबारायांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडला येते आणि येथील विठ्ठल मंदिरात विसावते. दुसऱ्या दिवशी पाटसमार्गे रोटीचा घाट चढून ती उंडवडीच्या दिशेने निघते. घाटाचा चढ फार मोठा नाही, तरी पालखीच्या रथाला तेथे जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात. सपाटीवर एका जोडीला सहज जमणारे ओझे चढावर जमत नाही, हे गाडीवानाला सांगावे लागत नाही. मोटारीच्या बाबतीत हाच साधा हिशेब आपण विसरतो. आजचा विषय त्याच्याशी जवळून जोडलेला आहे.

दौंड तालुक्याचा हा पट्टा मुळात अवर्षणाचा. भीमेचे खोरे उत्तरेला आहे, पण वरवंडसारख्या गावांच्या शेतीला खरा आधार मिळाला तो खडकवासल्याहून निघणाऱ्या मुठा उजव्या कालव्याचा. हा कालवा हडपसर, लोणी, यवत करीत दौंड आणि पुढे इंदापूर तालुक्यापर्यंत जातो. वरवंडच्या हद्दीतील व्हिक्टोरिया तलावात याच कालव्याचे पाणी सोडले जाते. पाणी आले तसा ऊस आला, उसामागून पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना आला, आणि केडगावपासून पाटसपर्यंत गुऱ्हाळे धूर सोडू लागली. आपल्या व्यापारी कुटुंबांत गुळाची आडत ज्यांनी केली आहे, त्यांना या गावांची नावे जुन्या खतावण्यांतून परिचित असतील. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे, ते पाहण्यासाठी तरी एकदा वाट वाकडी करावी.

गेल्या जानेवारीत वरवंडला तीन-साडेतीन तास थांबण्याचा योग आला तो गाडीच्या निमित्ताने. भाचीचा साखरपुडा बार्शीला दुसऱ्या दिवशी होता. भाच्याची गाडी, चालक तोच, मागे माझी बहीण आणि पत्नी, पुढे मी. गाडी पेट्रोलची, नऊ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी जुन्या मालकाकडून घेतलेली. भाच्याचे हडपसरला कापडाचे दुकान आहे आणि या गाडीवर त्याची घरची व दुकानची दोन्ही कामे चालतात.

गाडीचे दुखणे जुने होते. महिना-दीड महिन्यापासून तापमानाचा काटा मधूनच मध्यरेषेच्या वर सरकायचा आणि आपोआप खाली यायचा. पुण्यातील एका गॅरेजने गाडी पाहून हेड गॅस्केट गेल्याचा निष्कर्ष काढला होता आणि इंजिन उघडण्याच्या कामाचे ५८,००० रुपयांचे अंदाजपत्रक दिले होते. भाचा गाडी तशीच विकून नव्या गाडीचे कर्ज काढावे या विचारात होता. मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. तारणाची पाहणी न करता कर्जाची शिफारस करणे मला जमत नाही. दुसऱ्या कोणा जाणकाराचे मत घेतल्याशिवाय एवढा खर्च करू नकोस, असे मी त्याला सांगितले होते. ते मत वरवंडला मिळेल, असे मात्र आम्हा दोघांच्याही ध्यानीमनी नव्हते.

दोन तक्रारी, एक दुखणे

सकाळी साडेसहाला निघालो. जानेवारीत कालव्याच्या आणि उसाच्या या पट्ट्यात पहाटे दाट धुके उतरते. त्यात काच आतून धूसर होऊ लागली, तेव्हा भाच्याने हीटर लावला. प्रथम चांगली ऊब आली, काच स्वच्छ झाली. उरुळी कांचनच्या पुढे हवा एकाएकी गार झाली. वेग वाढवला की थोडी ऊब यायची, गाडी सिग्नलला उभी राहिली की पुन्हा गार वारा. ‘‘मामा, हा हीटर दिवाळीपासून असाच लहरी आहे. पण आपल्याकडे हीटर लागतो कुणाला?’’ भाचा म्हणाला. यवत गेल्यावर काट्याने वरची वाट धरली. चौफुला ओलांडला आणि तो तांबड्या रेषेला टेकला. वरवंडला सेवा रस्त्यालगत एक गॅरेज दिसले, तेथे गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, दोन ट्रॅक्टर, एक उघडा पडलेला टेम्पो आणि साठीकडे झुकलेले एक मिस्त्री. भाच्याने बॉनेट उघडले आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तसे मिस्त्री जागेवरूनच कडाडले, ‘‘शेठ, हात काढा. चहा घ्या, नाष्टा करा, तासाभराने बघू.’’ मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, ‘‘काका, आत्ता ते झाकण फिरवलं तर सगळं उकळतं पाणी तोंडावर येतं. ओलं फडकं ठेवलं तरी येतं. माझ्या समोर एकाचा हात सोलून निघालाय.’’

हा इशारा प्रत्येक घरात पाठ असावा इतका महत्त्वाचा आहे. वरवंडसारख्या पाचशे मीटरहून अधिक उंचीच्या ठिकाणी उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटर मात्र प्रेशर कुकरसारखा बंद असतो. त्याचे झाकण साधारण एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी १२० अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही. झाकण काढताच दाब जातो, आणि शंभरच्या वर तापलेले पाणी क्षणार्धात वाफ होऊन उसळते. गॅसवरच्या कुकरची शिटी काढण्याआधी आपल्या घरातील गृहिणी जो संयम पाळते, तोच येथे पाळायचा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे हाही तसाच घातक प्रकार आहे. इंजिनाचे वरचे डोके बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असते, ते अचानक आकसले की वाकते किंवा तडकते. मग पन्नास हजारांचा खर्च खरोखरच अंगावर येतो.

गुऱ्हाळावरचा तास

चहा झाल्यावर मोकळ्या वेळात आम्ही जवळच्या गुऱ्हाळावर गेलो. हंगाम ऐन भरात होता. चरकातून रस काहिलीत पडत होता, खाली वाळलेली चिपाडे धडधडत होती, आणि गुळव्या फावड्याने रस हलवत एकटक काहिलीकडे पाहत होता. रस शंभर अंशांच्या आसपास उकळू लागतो. पाणी आटत जाते तशी साखर दाट होते आणि उकळण्याची पातळी चढत जाते. काकवी १०५ अंशांच्या आसपास मिळते, आणि गूळ उतरवण्याची वेळ येते तेव्हा काहिलीत ११८ अंशांच्या आसपास ताप असतो. गुळव्याजवळ तापमापक नव्हता. चमच्यातला थेंब गार पाण्यात टाकून, बोटांनी त्याची गोळी वळून तो निर्णय घेत होता. दोन मिनिटे उशीर झाला तर काहिलीतला सारा माल करपणार, हे त्याला ठाऊक होते.

तेथे उभा असताना कूलंटचे कोडे मला उलगडले. पाण्यात साखर विरघळली की ते जसे उशिरा उकळते, तसेच ग्लायकॉल मिसळल्यावरही होते. पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे घेतले तर उघड्या भांड्यातही ते १०७-१०८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचा दाब धरला तर ही मर्यादा आणखी पुढे जाते. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात. म्हणून कूलंट म्हणजे हिरवे किंवा गुलाबी रंगवलेले पाणी, ही समजूत सोडून द्यावी.

गुऱ्हाळावरून परतताना विहिरीवरची पाण्याची पाइपलाइन पाहिली. नळाच्या तोंडाशी पांढरा थर चढला होता. कालव्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे ऊस घेतल्याने अनेक ठिकाणच्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि विहिरी-बोअरचे पाणी जड झाले आहे. घरातल्या गीझरच्या कॉइलवर जसा थर बसतो तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि मग गार करणारे यंत्रच उष्णता अडवून धरते. रस्त्यात अडचण आली तर कोणतेही स्वच्छ पाणी घालून घर गाठावे, पण नेहमीसाठी फक्त शुद्ध केलेले, बॅटरीत घालतात तसे क्षारविरहित पाणी आणि कूलंट हेच मिश्रण वापरावे.

हीटर हा पहिला साक्षीदार

मिस्त्रींनी वरचा जाड पाइप हाताने दाबून पाहिला, तो मऊ आणि कोमट लागल्यावर झाकण उघडले. बाजूच्या प्लास्टिकच्या राखीव बाटलीत कूलंट दोन रेषांच्या मध्ये, जेथे असावे तेथे होते. रेडिएटरमध्ये मात्र पाण्याची पातळी दिसेना. भरायला घेतले तर सव्वा लिटर आत गेले. मिस्त्री एवढेच म्हणाले, ‘‘बाटली भरलेली, टाकी रिकामी. गावाला वाटतं शेठकडे पैसा आहे.’’

बँकेतल्या माणसाला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. रोजमेळात शिल्लक दिसते, तिजोरीत तूट आहे. तपासनीस रोजमेळ पाहून सही करून निघून गेला तर तूट तशीच राहणार. पुण्यात गाडी तपासली तेव्हा बाटली पाहिली गेली होती, रेडिएटरचे झाकण गार इंजिनावर उघडून पाहिले गेले नव्हते.

असे का घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. झाकणात दोन झडपा असतात. इंजिन तापले की पाणी फुगते, दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पहिली झडप उघडून थोडे पाणी राखीव बाटलीत जाते. इंजिन निवले की पाणी आकसते, आत पोकळी निर्माण होते आणि दुसरी झडप उघडून तेच पाणी बाटलीतून परत ओढले जाते. ही देवघेव रोज चालते. झाकणाचे रबर कडक झाले, किंवा एखाद्या पाइपच्या जोडातून हवा आत शिरू लागली, की जाणे चालू राहते आणि येणे बंद होते. पाण्याच्या जागी हवा ओढली जाते. बाटली भरलेलीच दिसते आणि टाकी महिनोन् महिने रिती होत जाते.

ही हवा कोठे जाऊन बसते? वर. बहुतेक गाड्यांत हीटरची जाळी डॅशबोर्डच्या मागे, उंचावर असते. हीटर म्हणजे काही वेगळे यंत्र नव्हे, तो एक लहान रेडिएटरच आहे. इंजिनाने तापवलेले पाणी त्यातून फिरते आणि पंखा ती ऊब केबिनमध्ये सोडतो. पाणी कमी झाले की सर्वांत आधी ही जाळी कोरडी पडते. इंजिन जोरात फिरते तेव्हा पंप पाणी तेथपर्यंत ढकलतो, म्हणून वेगात ऊब येते. गाडी उभी राहिली की पंप मंदावतो, जाळीत हवा उरते आणि वारा गार होतो. भाच्याच्या गाडीतला हीटर दिवाळीपासून लहरी होता, काटा मात्र डिसेंबरात सरकू लागला. म्हणजे हीटरने इंजिनाच्या कितीतरी आधी साक्ष दिली होती. आपल्या हवेत हीटर लावतोच कोण, म्हणून ती साक्ष कोणी नोंदवून घेतली नाही. थंड प्रदेशात राहणाऱ्यांना हे दुखणे लवकर कळते, कारण तेथे हीटरवाचून चालत नाही.

काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी उतरून तो हवेत किंवा वाफेत राहिला, तर इंजिन भाजत असताना काटा खाली आलेला दिसू शकतो. म्हणून काटा चढून आपोआप उतरला की सुटकेचा निःश्वास टाकू नये.

स्वस्त तपासणी आधी

पुढचा तास मिस्त्रींनी ज्या क्रमाने काम केले, तो क्रम मी मुद्दाम टिपून घेतला. त्यांनी प्रथम झाकणाच्या जागी हातपंपासारखे एक साधन बसवले, त्यावर दाबाचा काटा होता. पंधरा पौंडांपर्यंत दाब भरला आणि थांबले. काटा हळूहळू उतरू लागला. टॉर्च घेऊन प्रत्येक जोड पाहिला. इंजिनाच्या मागच्या बाजूला, हीटरकडे जाणाऱ्या पाइपच्या जोडावर एक बारीक थेंब जमू लागला होता. क्लिपभोवती पांढरट-हिरवी पूड साचली होती. गळणारे कूलंट गरम धातूवर पडून तेथेच सुकत होते, त्यामुळे गाडीखाली डाग कधी पडलाच नव्हता. मग झाकण त्याच साधनावर तपासले. त्याने दाब धरलाच नाही.

हेड गॅस्केटची शंका त्यांनी झटकून टाकली नाही, हे मला विशेष वाटले. तेल मोजण्याची पट्टी काढून पाहिली, तेल भरण्याच्या झाकणाची आतली बाजू पाहिली. दुधी फेस कोठेही नव्हता. नंतर गार इंजिन चालू केल्यावर पहिल्या मिनिटात वरचा पाइप दगडासारखा कडक होतो का, ते हात ठेवून पाहिले. गॅस्केट फुटलेले असेल तर जळलेला वायू पाण्यात शिरतो आणि पाणी तापण्याआधीच दाब चढतो. तसे झाले नाही. सायलेन्सरमधून सतत पांढरा, गोडसर वासाचा धूर येत नव्हता. ‘‘माझ्या मते गॅस्केट शाबूत आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण पुण्याला गेल्यावर ती निळ्या पाण्याची तपासणी करून घ्या. पाणी पिवळं पडलं तर मला शिव्या द्या.’’ ही तपासणी सोपी आहे. रेडिएटरच्या तोंडाशी बसणारी हवा निळ्या रसायनातून ओढतात. जळलेला वायू त्यात असेल तर रंग पिवळा होतो.

उपाय साधा होता. नवीन झाकण, पाइपचा तुकडा, दोन क्लिपा. मग गाडी शेडसमोरच्या उतारावर नाक वर करून उभी केली, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच राहील. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू केले आणि हळूहळू कूलंट भरत गेले. थर्मोस्टॅट ही मेण भरलेली एक झडप असते. पाणी साधारण ८२ ते ९० अंशांवर गेले की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे वळते. ती उघडताच मोठे बुडबुडे आले, पातळी एकदम खाली गेली, मिस्त्रींनी आणखी भरले. पाइप दाबत, सोडत, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत वीस मिनिटे गेली. रेडिएटरचा पंखा दोनदा आपोआप सुरू होऊन बंद झाला. केबिनमध्ये मागे बसलेली माझी बहीण ओरडली, ‘‘अरे, आता बंद करा तो हीटर, भाजतंय!’’ मिस्त्री हसले. त्यांना हवा होता तो दाखला हाच.

हाताने लिहिलेले बिल असे होते : झाकण ३५० रुपये, पाइप व क्लिपा २८० रुपये, कूलंट ५०० रुपये, मजुरी ४०० रुपये. एकूण १,५३० रुपये. भाच्याने जास्त देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. बाटलीवर रेषेच्या जागी चिकटपट्टीचा तुकडा लावून दिला आणि म्हणाले, ‘‘रोज सकाळी गार गाडीत बघा. पट्टीखाली गेलं तर फोन करा.’’ दुपारी एकच्या सुमारास आम्ही बार्शीकडे निघालो. पुण्याला परतल्यावर निळ्या पाण्याची तपासणी करून घेतली, रंग निळाच राहिला. गाडी विकण्याचा आणि कर्जाचा विषय तेथेच संपला.

१,५३० आणि ५८,००० या दोन आकड्यांवरून पहिल्या गॅरेजला लबाड ठरवणे योग्य होणार नाही. तापणाऱ्या गाडीत गॅस्केट हा खरोखरच एक संशयित असतो. चूक होती ती क्रमाची. कर्ज थकले की आम्ही पहिल्याच दिवशी जप्तीचा अर्ज करीत नसू. आधी हप्त्याची नोंद चुकली आहे का, धनादेश वटायचा आहे का, खातेदार गावाला गेला आहे का, हे पाहत असू. स्वस्त आणि निरुपद्रवी तपासणी आधी, महाग आणि फाडाफाडीची शेवटी. डॉक्टर, वकील, मिस्त्री आणि बँक या चौघांनाही हाच नियम लागू आहे. अंदाजपत्रक हाती आले की ‘‘या निष्कर्षावर कोणत्या तपासणीने आलात?’’ एवढा एकच प्रश्न नम्रपणे विचारावा. उत्तर देणाऱ्याची पारख त्यातच होते.

घरात टिपून ठेवावे असे

आपल्या बहुतेक कुटुंबांत घरची गाडी आणि मालाचा टेम्पो, दोन्ही असतात. दोघांसाठीही काही खुणा उपयोगी पडतील.

गाडी गर्दीत, उभी असताना तापते आणि वेगात निवते, तर आधी पंख्याकडे पाहावे : पंखा, त्याचा फ्यूज, रिले, किंवा जुन्या पद्धतीचा असेल तर बेल्ट. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे असते, दोन्हींच्या फटीत धूळ, किडे आणि उसाच्या हंगामात उडणारा पाचोळा अडकतो, तोही स्वच्छ करावा.

उलट, गर्दीत ठीक आणि चढावर, भरल्या मालाने किंवा सलग वेगात तापते, तर रेडिएटर आतून चोंदला आहे, पंप अशक्त झाला आहे किंवा थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही, असे समजावे. रोटीच्या घाटात जादा बैल लागतात, तसे चढावर इंजिनाला जादा गारवा लागतो. तो कमी पडतो तेथेच दुखणे उघडे पडते.

इंजिन तापलेले आणि हीटर गार, हा जोड दिसला तर पाणी कमी आहे किंवा ते फिरत नाही. गाडी पुढे नेऊ नये. इंजिन कधी पुरते तापतच नाही आणि हीटर सदा कोमट, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. काटा स्थिर आणि योग्य जागी, तरीही हीटर थंड, तर हीटरची जाळी चोंदली असेल किंवा गरम-गार हवा वळवणारी आतली झडप अडकली असेल. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून चिकट थर आणि पुढचा गालिचा ओला, ही हीटरची जाळी गळत असल्याची खूण. ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी आहे. म्हणून सांडलेले कूलंट पुसून टाकावे, लहान मुलांच्या आणि मुक्या जनावरांच्या तोंडी लागेल असे ठेवू नये.

काटा चढताना दिसला आणि लगेच थांबण्यास जागा नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर व पंखा जोरात ठेवावा. केबिनमध्ये घाम फुटेल, पण हीटर इंजिनाची काही उष्णता बाहेर काढतो. हा उपाय सुरक्षित जागी पोचण्यापुरताच आहे. हीटरमधून गार हवा आली तर एक किलोमीटरचाही मोह न धरता कडेला उभे राहावे.

आणि हीटर ही केवळ थंडीतली चैन नव्हे. डिसेंबर-जानेवारीत या रस्त्यावर पहाटे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर चालतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, तांबडी पट्टीही नसते. आतून धूसर झालेल्या काचेतून असा ट्रॅक्टर दिसतो तेव्हा ब्रेक लावण्याइतके अंतर उरलेले नसते. एसी आणि हीटर एकत्र लावून हवा काचेकडे वळवली की काच लवकर कोरडी होते. एसी हवेतील ओल काढतो, हीटर काच तापवतो. ज्यांची माणसे पहाटे मालाच्या गाडीसह निघतात, त्यांनी ही गोष्ट चालकाला जरूर दाखवून द्यावी.

दुकानात आपण दर सोमवारी गल्ला आणि शिलकी माल पडताळतो. त्याच दिवशी सकाळी, गाडी चालू करण्यापूर्वी, बाटलीतील पातळी पाहावी आणि वहीत लिहावी. महिन्यातून एकदा गार इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडून आत नजर टाकावी. महिन्यातून एकदा, उन्हाळा असला तरी, पाच मिनिटे हीटर लावून पाहावा. तो जर लहरीपणा करू लागला, तर इंजिन काही सांगू पाहत आहे असे समजावे. या तिन्ही कामांना पैसा लागत नाही, दहा मिनिटांचा वेळ लागतो.

वरवंडला आता आपण केव्हाही जात असाल, तर थोडा वेळ काढून तलावाच्या बांधावर जावे. हिवाळ्यात सकाळचे पाणी शांत असते, पलीकडे उसाचा हिरवा पट्टा आणि गुऱ्हाळांचा सरळ चढणारा धूर दिसतो. कोरड्या मुलखात आणलेल्या या पाण्याने येथील संसार उभे केले. मोटारीच्या पोटातले चार-पाच लिटर पाणीही तितक्याच मुकाट्याने काम करीत असते, ते कमी होऊ लागले की काही दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.